सवय झालेले नाक

एप्रिलमधील एका दुपारी, दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना, एका मोटारसायकलवरून तिघे जण आले. मधल्या तरुणाला पुढच्याने आणि मागच्याने असे आवळून धरले होते की, तो स्वतःच्या बळावर बसलेला नाही हे गाडी थांबण्यापूर्वीच दिसत होते. तिघेही आमच्या पूर्व भागातील एका रंगखान्यात काम करणारे होते. त्या तरुणाचे डोळे लालभडक होते, उजेडाकडे त्याला पाहवत नव्हते, ओकाऱ्या होत होत्या आणि पाय थरथरत होते. सोबतचे दोघे 'ऊन लागलं' असे सांगत होते, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये ऊन लागले म्हटले की सहसा कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

त्याचा सदरा सैल करताना गळ्यातील काळ्या दोऱ्यातला चांदीचा ताईत माझ्या हाती लागला. तो काजळी धरल्यासारखा काळाठिक्कर पडला होता. हा कधीपासून असा आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "पाडव्यालाच आईनं रांगोळीनं घासून दिला होता, मॅडम." तेव्हा मी विचारले की, आज काम कशाचे होते. सांडपाण्याचा हौद साफ करायचा होता, असे उत्तर आले. आणि मग त्याने जे वाक्य उच्चारले, त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. "आधी लई वास येत होता. मग वास गेला, म्हणून आत उतरलो."

वास गेला नव्हता; वास घेणारे नाक बंद पडले होते. हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू असून हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असला, म्हणजे ज्याला 1 पीपीएम म्हणतात तेवढा असला, तरी माणसाच्या नाकाला तो सहज कळतो. मात्र त्याचे प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेले की काही मिनिटांतच वासाची जाणीव करून देणारी यंत्रणा बधिर होते आणि माणसाला वाटते की हवा स्वच्छ झाली. ही तीच पातळी आहे जिला जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी मानले जाते. 500 पीपीएमच्या पुढे माणूस उभ्या उभ्या कोसळतो, आणि 1000 च्या जवळपास एक-दोन श्वासांतच श्वसन थांबू शकते. म्हणजे ज्या क्षणी धोका सर्वांत मोठा असतो, नेमक्या त्याच क्षणी शरीर सगळे ठीक असल्याची ग्वाही देते.

त्या चांदीवरचा काळा थर याच वायूने धरला होता. चांदीचा आणि या वायूचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. खिशातील नाणीही अशीच काळवंडतात. विषबाधेच्या वैद्यकात ही जुनी, ठाऊक असलेली खूण आहे, परंतु तोपर्यंत मी ती फक्त वाचलेली होती.

रंगखान्यात हा वायू येतो कुठून, हे कळले तर त्याची भीती योग्य जागी बसते. सल्फर ब्लॅकसारखा रंग पाण्यात विरघळत नाही. तो विरघळावा म्हणून त्यात सोडियम सल्फाइड घालून उकळावे लागते. रंगकाम झाल्यावर उरलेले काळे पाणी अल्कलीयुक्त असते, आणि ते तसे राहील तोवर सल्फाइड पाण्यातच विरघळलेले राहते. पण पाणी बाहेर सोडण्यापूर्वी त्याची अल्कली मारण्यासाठी त्यात ॲसिड ओतले, किंवा दुसऱ्या कामाचे आम्लधर्मी पाणी त्याच हौदात आले, की तेच सल्फाइड वायू होऊन वर येते. याखेरीज हौदाच्या तळाशी साचलेल्या गाळात, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, जिवाणू हाच वायू सतत तयार करीत असतात आणि उन्हाळ्यात त्यांचा वेग वाढतो. वरून शांत दिसणारा गाळ फावड्याने ढवळला की अडकलेला वायू एकदम मोकळा होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने हौदातच, म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाच्या पातळीवर, साचून राहतो. साखर कारखान्यांच्या आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या टाक्या, गोबरगॅसचे खड्डे, गटारांचे चेंबर, मैल्याच्या टाक्या, या सर्वांतले गणित हेच आहे, आणि आपल्या जिल्ह्यात यातील एकाही गोष्टीची वाण नाही.

त्या तरुणाचे दैव एवढेच की तो शिडीच्या तिसऱ्याच पायरीवर असताना त्याचे पाय गेले आणि वरच्याने त्याची कॉलर पकडली. दोन पायऱ्या खाली असता, तर त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला असता, आणि दुसऱ्यासाठी तिसरा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 1986 मध्ये नोंदवले होते की, बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी 60 टक्क्यांहून अधिक मृत्यू हे वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्याकडच्या बातम्याही आठवून पाहाव्यात: चेंबरमध्ये एक पडला, त्याला काढायला भाऊ उतरला, भावासाठी शेजारी उतरला. जीव तुटतो म्हणूनच माणूस उतरतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून तर न उतरण्याचा निर्णय अपघाताच्या आधी, शांत डोक्याने आणि सर्वांनी मिळून घेऊन ठेवावा लागतो. ओला रुमाल, करोनाच्या काळातला कापडी मास्क, यांचा इथे काडीचा उपयोग नाही. गाळणीचा रासायनिक मास्कसुद्धा हौदात पुरेसा नाही, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू निर्माण करीत नाही, आणि हौदात तर अनेकदा प्राणवायूच कमी झालेला असतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण 20.9 टक्के असते, ते 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जाऊ नये, असा दंडक आहे. उतरायचेच असेल तर पाठीवर स्वतःच्या हवेचा सिलिंडर असलेले साधन हवे, कमरेला पट्टा हवा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे.

माझ्या दवाखान्यात ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर असतो. मी त्या मुलाला तो लावला, डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुतले, अंगावरचे गाळाने भिजलेले कपडे काढायला लावले आणि 108 ला फोन केला. सोबतच्या एकाने गूळ-पाणी आणले होते. ते मी देऊ दिले नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घातले तरी ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. दूध पाजल्याने गॅस उतरतो, ही समजूतही आपल्याकडे घट्ट आहे. दूध पोटात जाते आणि गॅस रक्तात असतो. दोघांची गाठ पडत नाही.

हायड्रोजन सल्फाइड पेशींमधील श्वसन बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असतो, परंतु पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून उपचाराचा कणा आहे तो म्हणजे माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणणे, शंभर टक्के प्राणवायू देणे आणि श्वास मंदावला तर कृत्रिम श्वास चालू ठेवणे. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये. पिशवी आणि मास्कचे साधन वापरावे. सोडियम नायट्राइटचे इंजेक्शन आणि हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध, हे दोन उतारे सांगितले जातात. ते फार लवकर दिले तरच उपयोगाची आशा असते, आणि त्यांचा पुरावा प्राणवायूइतका भक्कम नाही. तो मुलगा दोन दिवसांत घरी आला. डोळ्यांची आग आणि डोकेदुखी मात्र आठवडाभर टिकली.

इथे मला अण्णांविषयी, माझ्या वडिलांविषयी, लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांनी आयुष्याची सव्वीस वर्षे रंगखान्यात काढली. त्यांच्या नखांच्या कडांना असलेला निळसर काळा रंग दिवाळीच्या उटण्यानेही गेला नाही. ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासाने आम्ही भावंडे नाक मुरडत असू आणि ते म्हणत, "मला नाही बाई येत वास. सवय झाली." त्या वाक्यात त्यांना अभिमान होता, नवखा कामगार खोकतो, जुना खोकत नाही, असे ते मानत. डॉक्टर झाल्यावर मला कळले की त्या सवयीचा बराचसा भाग म्हणजे नाकाची झालेली झीज होती. आजही माझ्यासमोर बसलेले निम्मे रुग्ण हेच दोन शब्द उच्चारतात, आणि ते ऐकले की मी लिहिता हात थांबवून पहिल्यापासून विचारायला लागते.

सर्वच वायू एका रीतीने फसवीत नाहीत. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड पाण्यात झटकन विरघळतात, त्यामुळे डोळे, नाक, घसा यांच्या ओलाव्यातच त्यांचा मारा होतो. माणूस ठसकतो आणि पळतो. म्हणून द्राक्षांच्या शीतगृहात अमोनियाची गळती झाली तर ती लपत नाही, मात्र पळता आले नाही तर घसा सुजून श्वासच बंद होऊ शकतो. नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉस्जिन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते वर काही न जाणवता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आपले काम दाखवतात. क्लोरीन या दोहोंच्या मध्ये बसतो. तो वरही जाळतो आणि आतही, आणि म्हणूनच त्याच्याबाबतीत सर्वांत जास्त गफलत होते.

अशी एक गफलत माझ्या एका रुग्णाच्या वाट्याला आली. चाळिशीचा गृहस्थ, ब्लीचिंगच्या विभागात कामाला. हायपोच्या, म्हणजे ब्लीचिंगसाठी लागणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, कॅनमध्ये कोणीतरी चुकून दुसऱ्या कॅनमधील उरलेले ॲसिड ओतले. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन सुटतो. हिरवट पिवळा धूर उठला, हा दोन-तीन मिनिटे त्यात सापडला, खोकत बाहेर आला. त्याला एका रुग्णालयात नेले. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या बोटावरच्या यंत्राने 97 टक्के दाखवले, तोपर्यंत खोकलाही कमी झाला होता. दीड तासात खोकल्याचे औषध देऊन त्याला घरी पाठवले. रात्री दोन वाजता त्याच्या पत्नीचा मला फोन आला. तो भिंतीला टेकून बसला होता, आडवे होता येत नव्हते, ओठ निळे पडले होते आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत होता. फुप्फुसात पाणी झाले होते. पाच दिवस त्याला अतिदक्षता विभागात राहावे लागले.

क्लोरीनच्या माऱ्यानंतर पहिल्या काही तासांतील एक्स-रे स्वच्छ असू शकतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. ज्याला श्वास लागला आहे, ज्याचा खोकला थांबत नाही, जो बंद जागेत सापडला होता, ज्याला आधीपासून दमा आहे, त्याला निदान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे, हा साधा नियम आहे. क्लोरीनला उतारा नाही. ओलसर केलेला प्राणवायू, सालब्युटामॉलची वाफ, सोडाबायकार्बची पातळ वाफ, गरजेनुसार स्टिरॉइड, पूर्ण विश्रांती आणि वेळीच कृत्रिम श्वसनयंत्र, एवढेच हातात असते; ते पुरेसे ठरते, पण त्यासाठी रुग्ण रुग्णालयात असायला हवा. त्याच संध्याकाळी तो मनुष्य स्वतःच सांगत होता की मला बरे वाटते आहे, आणि त्याचे ते म्हणणे खरे होते. बरे वाटण्यावर निर्णय सोपवला, ही चूक त्याची नव्हती.

तो वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. फोडणीचा ठसका, अगरबत्ती, वाफाळणारा रंगाचा हौद, पावसाळ्यातील ओल, काहीही त्याला दमवते. एकाच तीव्र माऱ्यानंतर, आधी कधीही दमा नसलेल्या माणसाला असा दम्यासारखा विकार जडतो आणि तीन महिन्यांहून अधिक टिकतो, याचे नीट वर्णन अमेरिकेतील डॉक्टरांनी 1985 मध्ये प्रथम केले. श्वासनळ्या कायमच्या चिडक्या होतात. श्वासातून ओढायचे स्टिरॉइड नियमित घेतले तर बराच आराम पडतो; कित्येकांचा त्रास वर्षभरात कमी होतो, काहींचा होत नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही चाचणी अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत आणि मग पुन्हा काही महिन्यांनी केली, तर नुकसान किती झाले याचा कागद हाती राहतो.

आणि कागदाचीच खरी पंचाईत झाली. त्याच्या पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर फक्त 'ब्राँकायटिस' असे लिहिलेले होते. कुठला वायू, किती वेळ, कुठे, यातले एकही अक्षर नव्हते. कामगार विम्यात कामावरील दुखापतीसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या 90 टक्के लाभ मिळतो, आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते. परंतु दुखापत कामावरच झाली, हे कागदाने बोलले पाहिजे. त्याला ते सिद्ध करायला अकरा महिने लागले. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 मध्येच डॉक्टरांना सांगून ठेवले होते की, रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा. तीनशे वर्षांनंतरही आपण नाव, वय, पत्ता विचारतो आणि पुढच्या ओळीवर जातो. माझ्या व्यवसायबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की, कामगार खोकत आला तर पहिल्याच कागदावर वायूचे नाव, हौद की मोकळी जागा, किती मिनिटे आणि बाहेर काढल्याची वेळ, एवढे चार तपशील लिहावेत. त्याला अर्धा मिनिट लागतो.

बोटावरच्या यंत्राविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण करोनानंतर ते घरोघरी पोहोचले आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना ते 98 दाखवते. बॉयलरची चिमणी तुंबली, बंद खोलीत जनरेटर चालू राहिला, किंवा आग लागली, की हा वायू साचतो. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, ती पहाट या शहराला विसरता येणार नाही. खाली माग आणि वर घर, अशी रचना पूर्व भागात शेकडो ठिकाणी आहे, आणि आगीत ज्वाळेच्या आधी धूर वर चढतो. धुरात सापडलेल्या माणसाला अंगावर भाजल्याची एकही खूण नसली, बोटावरचे यंत्र छान आकडा दाखवीत असले, तरी त्याला शंभर टक्के प्राणवायू लावून रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के प्राणवायूवर सुमारे तासा-दीड तासात तेवढा उतरतो. त्यानंतरही काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे, हे उशिराने उमटू शकते.

कायद्यात काही कमी होते, असे मला म्हणता येत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 36 स्पष्ट सांगत होते की, विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत कोणालाही उतरू देऊ नये. आधी जाणकार व्यक्तीने तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर श्वसनाचे साधन, पट्टा आणि बाहेरून धरलेला दोर असावा. भोपाळमधील 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्रीनंतर, 1987 मध्ये, त्यात कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्कही आला. गटार आणि मैल्याच्या टाक्यांसाठी 2013 चा वेगळा कायदा आहे, आणि तेथील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. कारखाने अधिनियमाची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहितेने घेतली आहे. मला सलते ते असे की, वीज वापरणाऱ्या ठिकाणी कारखाना म्हणवण्यासाठी पूर्वी 10 कामगार लागत, आता 20 लागतात. आमच्या भागातील रंगखान्यांत आठ-दहा, फार तर पंधरा माणसे असतात. हौद मात्र तेवढाच खोल असतो.

म्हणून मी मालकांशी बोलते. त्यांतील बहुतेक जण काही वाईट नाहीत. त्यांनी स्वतःही तरुणपणी हौद उपसलेले आहेत आणि त्यांनाही 'सवय' झालेली आहे. ज्या मुलाचा ताईत काळा पडला, त्याच्या मालकांनी पुढच्या वर्षी प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वालाग्राही वायू असे चारही मोजणारे खिशात मावेल एवढे यंत्र विकत घेतले आणि ते कसे वापरायचे हे विचारायला दवाखान्यात आले. मी त्यांना दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबून, मोजायला सांगितले. आठ तासांच्या कामासाठी हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा 10 पीपीएम आणि थोड्या वेळासाठी 15, हे आकडे त्यांनी यंत्राच्या पाकिटावर बॉलपेनने लिहून घेतले.

मे महिन्यात हौद साफ करण्याच्या दिवशी त्यांनी मला फोन केला. झाकण सकाळी सातला काढले होते, ब्लोअर लावला होता, तोंडाशी वास अगदी मंद होता. यंत्र तळाशी सोडल्यावर त्याने 64 दाखवले आणि ते ओरडू लागले. दुपारी पुन्हा सोडले तेव्हा 22 होते. शेवटी त्यांनी भाड्याने गाळाचा पंप मागवला आणि गाळ वरूनच उपसला. त्याला दोन दिवस लागले आणि खर्च नेहमीच्या तिप्पट आला, असे त्यांनी मला सांगितले. आत कोणीही उतरले नाही.